आमच्या मुलींना हरायची सोय करा

राज्यातल्या जिल्हा बुद्धिबळ संघटनांचे सन्माननीय पदाधिकारी आणि गावोगावी स्पर्धा भरवणारी आयोजक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या चौकात एक फ्लेक्स लागला होता. वर नेत्यांचे पाच फोटो, खाली नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख हिचा एक, आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘महिला ग्रँडमास्टर दिव्या देशमुख हिचे हार्दिक अभिनंदन!’ शेजारी बुद्धिबळाचा पट छापला होता, आणि त्याचा उजव्या हाताचा कोपरा काळा होता. पट मांडताना आपल्या उजव्या हाताला पांढरं घर यायला हवं, हे मी चौथीतल्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवते. फ्लेक्सवाल्याला दोष देत नाही, त्याला दिवसाला वीस वाढदिवस छापायचे असतात. पण ‘सौजन्य’ म्हणून खाली जी नावं होती ती आपल्याच बुद्धिबळवाल्यांची होती, म्हणून जरा वाईट वाटलं.

पटाचं एक वेळ सोडा. मला जास्त बोचला तो ‘महिला’ हा शब्द. महिला ग्रँडमास्टर ती २०२१ मध्येच झाली होती. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ती झाली ग्रँडमास्टर. नुसती ग्रँडमास्टर. विश्वनाथन आनंदला मिळाला तोच किताब, प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे, विदित गुजराथी यांना मिळाला तोच. आपण अभिनंदन करता करता तिला चार वर्षं मागे नेऊन ठेवलं.

मी कोण ते सांगते. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळा सुटल्यावर पाच ते सात बुद्धिबळाचा वर्ग घेते, त्याला एकोणीस वर्षं झाली. पंचाची परीक्षा दिलेली आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या जिल्ह्यांत पंच म्हणूनही जाते. पोरांना घेऊन येणारी मॅडम आणि निकालाच्या चिठ्ठ्या गोळा करणारी पंच, अशा दोन्ही खुर्च्यांवर बसून मी हा खेळ पाहिला आहे. खेळाडू म्हणून मी बेताचीच. तेव्हा हे पत्र कुणा अन्याय झालेल्या प्रतिभावंताचं नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

दोन्ही किताबांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे, पण पालकांना समजावून सांगायचा आपल्याला कंटाळा येतो, म्हणून लिहिते. महिला ग्रँडमास्टर हा फक्त स्त्रियांसाठीचा किताब, त्याला २३०० रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, आणि त्या पातळीचे नॉर्म लागतात. ग्रँडमास्टर हा सगळ्यांसाठीचा, त्याला २५०० रेटिंग आणि नॉर्म लागतात, साधारण तीन. ग्रँडमास्टरचा एक नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत नऊएक डाव सलग २६०० च्या तोडीने खेळायचे, समोर किमान तीन ग्रँडमास्टर हवेत, आणि परदेशी खेळाडूही हवेत. जगात आजवर ग्रँडमास्टर झाले दोन हजारांच्या आसपास, त्यांत बायका पन्नाससुद्धा नाहीत. भारताची दिव्या अठ्ठ्याऐंशीवी. तिच्या आधी आपल्याकडच्या स्त्रिया तीनच: २००२ मध्ये कोनेरू हंपी, २०११ मध्ये हरिका द्रोणवल्ली आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी वैशाली रमेशबाबू. दोघी आंध्रच्या, एक चेन्नईची. महाराष्ट्राची एकही नाही.

आणि हे नवलच आहे. कारण या देशात बायकांच्या स्पर्धात्मक बुद्धिबळाचा श्रीगणेशा मराठी घरातून झाला. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूरला झाली, ती जिंकली वासंती खाडिलकर यांनी. मग त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तिघी लेकी, आणि पहिलं दशकभर राष्ट्रीय महिला स्पर्धेवर त्यांचंच राज्य होतं. पुढे भाग्यश्री साठे, म्हणजे लग्नानंतरच्या ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. अनुपमा अभ्यंकर, म्हणजे गोखले, त्याही पाच वेळा. दोघींना पद्मश्री. नंतर सांगलीची स्वाती घाटे, पुण्याची ईशा करवडे, पुण्याचीच सौम्या स्वामिनाथन, जी २००९ मध्ये मुलींची ज्युनिअर विश्वविजेती झाली. एवढी मोठी रांग. आणि पहिला ग्रँडमास्टर किताब यायला १९७४ पासून २०२५ पर्यंत एक्कावन्न वर्षं लागली.

या बायका बुद्धीने कमी पडल्या असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्या वर्गाची पायरी चढू नये. माझ्या मते कारण साधं आहे. त्यांना आपल्याहून ताकदवान खेळाडूंकडून हरायला मिळालं नाही. मिळालं तरी पुरेसं नाही.

वाक्य उलटं वाटेल, पण बुद्धिबळात माणूस वाढतो तो असाच. दुबळ्याला दहा वेळा हरवून हाताला काही लागत नाही. आपल्यापेक्षा दोनशे-तीनशे रेटिंग जास्त असलेल्याकडून चाळीस खेळ्या पिळून निघावं लागतं, घरी येऊन तो डाव परत मांडावा लागतो, आपण नेमकं कुठे फसलो ते सापडेपर्यंत झोप येत नाही, आणि पुढच्या वेळी तिथे फसत नाही. सगळी विद्या एवढीच.

रोहिणी खाडिलकर यांना हे तेराव्या वर्षी कळलं होतं. १९७६ मध्ये त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी खेळणार म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रीला स्त्री म्हणून वगळता येणार नाही. खुद्द माजी विश्वविजेत्याचा शब्द. दार उघडलं ते असं, एका तेरा वर्षांच्या मराठी मुलीने, कोर्टाची पायरी चढून. त्या दारातून आपण पुढे किती मुली आत पाठवल्या, हा हिशेब आपणच मांडायचा आहे.

आता दिव्याकडे येते. तिच्या पदकांची यादी तुम्ही सत्काराच्या भाषणांत वाचली आहे. माझं लक्ष जरा दुसरीकडे आहे.

नागपूरचं घर, आई-वडील दोघंही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटनला जायची, हिचा हात नेटपर्यंत पोचेना, म्हणून पाच वर्षांच्या आतबाहेर हिला बुद्धिबळाला बसवलं. पहिले गुरू राहुल जोशी. २०१२ मध्ये सात वर्षांखालची राष्ट्रीय विजेती, २०१४ मध्ये डर्बनला दहा वर्षांखालची विश्वविजेती, २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालची. २०२० मध्ये जोशी सर गेले, अवघ्या चाळिशीत. ही मुलगी ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा, आणि तो किताब मिळाल्यावर तिने पहिली आठवण काढली ती त्यांची. हे वाचलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. वहीत तोंड घालून बसले.

२०२४ मध्ये गांधीनगरला ती अकरापैकी दहा गुण घेऊन ज्युनिअर विश्वविजेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं, संघाचे कर्णधार आपले अभिजित कुंटे. तिसऱ्या पटावर दिव्याचे अकरा डावांत साडेनऊ गुण, वैयक्तिक सुवर्णही तिचंच.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फ्लेक्सवर येत नाही. २०२५ च्या जानेवारीत ती नेदरलँड्समधल्या विक आन झी इथे टाटा स्टील स्पर्धेच्या चॅलेंजर्स गटात खेळली. तेरा फेऱ्या, समोर बहुतेक पुरुष ग्रँडमास्टर आणि तयारीची पोरं. ती गुणतक्त्यात तळाशी राहिली. ऑलिंपियाडमधलं सोनं गळ्यात पडून चारच महिने झाले होते. आपल्याकडचा एखादा पालक असता तर म्हणाला असता, कशाला हवा हा उपद्व्याप, मुलींच्यात खेळ, ट्रॉफी घेऊन ये.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात महिला ग्रां प्री या स्पर्धामालिकेचा टप्पा झाला. हंपी पहिली, चीनची झू जिनर दुसरी, दिव्या तिसरी. जुलैमध्ये बाटुमी. मानांकन पंधरावं. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म हाती नाही, रेटिंगही २५०० च्या खाली. वाटेत तिने तीच झू जिनर काढली, मग हरिका, मग माजी विश्वविजेती तान झोंगयी. अंतिम फेरीत समोर हंपी, वयाने दुपटीची, जिचे डाव पाहून ही पिढी मोठी झाली. दोन क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत. मग टायब्रेकचे झटपट डाव, म्हणजे रॅपिड, त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्या रॅपिडला दिव्याकडे काळी मोहरी. हंपीचं घड्याळ आटत गेलं, चुका झाल्या आणि हिने डाव सोडला नाही. अडीच विरुद्ध दीड. पट सोडून ती आईच्या गळ्यात पडली आणि रडली, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. विजेतीला थेट ग्रँडमास्टर किताब देण्याची या स्पर्धेची तरतूद आहे, त्यामुळे नॉर्मची पायरी न चढताच ती एकदम माडीवर पोचली. एकोणीस वर्षांची.

योगायोग बघा, जगात ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली स्त्री, नोना गाप्रिंदाश्विली, याच जॉर्जियाची. तिला तो १९७८ मध्ये मिळाला, आणि त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत लोन पाइनला तिने पुरुषांबरोबर खेळून पहिला क्रमांक विभागून घेतला होता. हंगेरीच्या युदित पोल्गारने तर लहान वयातच बायकांच्या स्पर्धांकडे पाठ फिरवली आणि ती जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेली.

तुमच्यातला कुणीतरी आता म्हणेल, “मॅडम, पण दिव्या जिंकली ती बायकांच्याच स्पर्धेत की.” बरोबर आहे. म्हणूनच महिला गट बंद करा असं मी म्हणत नाही. त्यात मान आहे, पैसा आहे, मैत्रिणी आहेत, आणि नव्या मुलीला तिथे धीर येतो. पण बाटुमीत ती जी जिंकली, ती जानेवारीत तळाला जाऊन आलेली मुलगी होती. आणि जिंकल्यावरही तिने काय केलं? सप्टेंबरमध्ये समरकंदला ग्रँड स्विस ही मोठी स्पर्धा होती, तिथे महिला गट सोडून ती खुल्या गटात, म्हणजे पुरुषांबरोबर, बसली. इजिप्तच्या बासेम अमीनला हरवलं, विश्वविजेत्या गुकेशला बरोबरीत थोपवलं. नोव्हेंबरमध्ये खुला विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, तिथेही वाइल्ड कार्ड घेऊन उतरली, दोनशेवर खेळाडूंत एकटी मुलगी, आणि पहिल्याच फेरीत ग्रीसच्या खेळाडूकडून हरून बाहेर पडली. त्या दिवशी माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हरली की!” मी म्हटलं, हो, आणि आता तो डाव मांडू या.

आता माझी तक्रार. यात कुठल्याच गावाचं, संघटनेचं, माणसाचं नाव घेणार नाही, कारण अशा जागा एक नाही, पन्नास आहेत.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. घरी तिला छकुली म्हणतात, तेवढंच पुरे. नववीत होती, रेटिंग सोळाशेच्या घरात. तिला एका खुल्या स्पर्धेला घेऊन गेले. मंगल कार्यालय, प्लास्टिकच्या खुर्च्या, शंभरावर खेळाडू, त्यात मुली सहा. तिसऱ्या फेरीत तिची पेअरिंग एकवीसशे रेटिंगच्या माणसाशी लागली. तो येऊन बसला, समोर वेण्या घातलेली मुलगी पाहिली, आणि पाच मिनिटं मित्राशी चहाच्या टेबलावर गप्पा मारत उभा राहिला, स्वतःचं घड्याळ चालू ठेवून. छकुलीने मान वर केली नाही. हत्तींच्या अंतिम अवस्थेत एक प्यादं कमी असताना तिने दीड तास किल्ला लढवला आणि डाव बरोबरीत सोडवला. उठली तेव्हा तिचे हात थरथरत होते. मला म्हणाली, “मॅडम, मला वाटलं मी हरणार, पण तो पण घाबरला होता.” एकोणीस वर्षांत माझ्या वर्गातल्या कुणी याहून मोलाचं वाक्य बोललेलं मला आठवत नाही.

त्यानंतर तिला टॉयलेटला जायचं होतं. बायकांच्या टॉयलेटला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला गेलेला. आम्ही दोघी रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर गेलो. परत येईस्तोवर चौथी फेरी सुरू होऊन बारा मिनिटं झाली होती, ती तिच्या घड्याळातून गेली. पहिल्या फेरीला उद्घाटनाच्या भाषणांमुळे पाऊण तास उशीर झालेला, तो घसरत घसरत दिवसाची शेवटची फेरी रात्री साडेनऊला संपली. आमची शेवटची एसटी साडेसातची. तिचे वडील मोटारसायकलवर बेचाळीस किलोमीटर आले. काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभात निवेदकाने ‘उत्तेजनार्थ, सर्वोत्कृष्ट मुलगी’ म्हणून तिला स्टेजवर बोलावलं आणि माइकवर म्हणाला, “बघा, दिसायलाही गोड आणि खेळायलाही!” हॉल हसला. एकवीसशेवाल्याशी केलेल्या बरोबरीचा कुणी उल्लेख केला नाही.

त्यानंतर वडिलांनी तिला फक्त मुलींच्या जिल्हा निवड चाचणीला पाठवलं. एका दिवसात आटपतं, सगळ्या मुलीच, संध्याकाळी पाचला घरी. दरवेळी पाचपैकी पाच. समोरच्या बहुतेक मुलींना रेटिंगच नाही, आणि बिनरेटिंगच्या खेळाडूला हरवलं तर रेटिंगवालीला एक गुणही मिळत नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतो. घरातला शोकेस ट्रॉफ्यांनी भरला, रेटिंग सोळाशेवर थिजलं. मग दहावी आली, आणि दहावी आली की काय होतं ते सांगायला नको. पट माळ्यावर गेला.

तिला कुणी खेळू नको म्हटलं नाही. सगळ्यांनी कौतुकच केलं. अडलं ते कुलपाशी आणि वेळापत्रकाशी, आणि कुलूप उघडणं तुमच्या हातात आहे म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

शेवटची फेरी संध्याकाळी सहाच्या आत संपवा. भाषणं बक्षीस समारंभाला करा, हवी तेवढी करा, पण पहिल्या फेरीआधी नकोत. पंधरा वर्षांच्या मुलीला घरचे पाठवतील की नाही हे स्पर्धेच्या दर्जावर ठरत नसतं, ती किती वाजता परत येणार यावर ठरतं. मुक्कामाची स्पर्धा असेल तर आईची किंवा मॅडमची सोय मुलीबरोबर त्याच खोलीत आणि परवडेल अशा दरात करा. दिव्याबरोबर आई असायची, बहुतेक ठिकाणी. त्या डॉक्टरीण बाईंनी लेकीच्या वेळापत्रकापुढे स्वतःची प्रॅक्टिस मागे ठेवली. जी आई रोजंदारीवर शेतात किंवा कारखान्यात राबते तिने काय मागे ठेवायचं?

टॉयलेटची किल्ली पंचांच्या टेबलावर ठेवा. याला खर्च शून्य आहे.

खुल्या गटातल्या मुलींच्या प्रवेश शुल्कात सूट द्या, आणि ‘सर्वोत्कृष्ट मुलगी’ हे बक्षीस ‘सर्वात वयस्क खेळाडू’ आणि ‘सर्वात लहान खेळाडू’ यांच्या मधोमध वाचायचं बंद करा. त्यापेक्षा माझी एक सूचना आहे, हसू नका: आपल्यापेक्षा तीनशे रेटिंग जास्त असलेल्याशी बरोबरी करणाऱ्या किंवा जिंकणाऱ्या मुलीला त्याच संध्याकाळी, त्या डावासाठी म्हणून बक्षीस द्या. पाचशे रुपये चालतील. डाव फळ्यावर मांडून दाखवा. छकुलीचा तो डाव शंभर जणांसमोर मांडला असता तर तिचे वडील तिथेच उभे होते, त्यांनी पाहिला असता.

नॉर्मच्या स्पर्धांची सूचना मोठ्या संघटनांसाठी. थेट किताबाचं दार विश्वचषकासारखी स्पर्धा जिंकणाऱ्या एखादीसाठीच उघडतं. बाकी सगळ्यांना नॉर्मच्याच वाटेने जायचं आहे, आणि त्यासाठी मुलींना युरोपात तीन-तीन आठवडे राहायला लावणं हे आई-बापाच्या खिशावर सोडता येणार नाही. दिव्याला राज्य सरकारने नागपुरात जाहीर सत्कार करून ३ कोटी रुपये दिले. द्यायलाच हवे होते, मला त्यात काही खुपत नाही. पण सरकारदरबारी तुमचा शब्द आहे, तो एकदा या कामासाठी खर्च करा: दरवर्षी राज्यात दोन-तीन नॉर्म स्पर्धा, आणि त्या प्रत्येकीत राज्यातल्या मुलींसाठी राखीव पट. त्या मुली तिथे शेवटच्या येतील. पहिली दोन-तीन वर्षं तर नक्कीच येतील. येऊ देत.

आणि माइकवर बोलणाऱ्याला कृपया बाजूला घेऊन सांगा. २०२४ च्या जानेवारीत, अठरा वर्षांची असताना, दिव्याने इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं, की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस, बोलण्याची ढब असल्या बिनकामाच्या गोष्टींकडे बघत बसतात. तिने लिहिलं ते परदेशातल्या स्पर्धेनंतर, पण मी वाचलं तेव्हा मला आमचं मंगल कार्यालय दिसलं आणि ते हसू ऐकू आलं. निवेदकाने फक्त रेटिंग, गुण आणि डाव सांगावा. गोड कोण दिसतं ते घरी बायकोला सांगावं.

बाटुमीच्या अंतिम फेरीच्या टायब्रेकला सोमवार होता. माझ्या वर्गात आठ मुलं आणि चार मुली एका मोबाइलला चिकटल्या होत्या. तेवढ्यात दारात छकुली. आता बी.कॉम. करते, गावातच. म्हणाली, घरी नेट नाही चालत नीट, इथे बघू का? बसली. दिव्या काळ्या मोहऱ्या घेऊन खेळत होती. हंपीची पहिली चूक झाली तेव्हा आमच्या चौघींना कळलीच नाही, त्या स्क्रीनवरचा तो कोण वरचढ ते दाखवणारा संगणकाचा पट्टा कुठे सरकतो तेवढंच बघत होत्या. छकुलीने मात्र पट्टा हलायच्या आधीच हळूच म्हटलं, “गेलं.” सहा वर्षं पटाला हात लावलेला नाही त्या मुलीने.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मंगळवार-गुरुवार वर्गात येते, छोट्यांना अंतिम अवस्था शिकवते. स्वतः खेळणार का विचारलं तर नुसती हसते.

तर आता कामाचं. तुमच्यापैकी ज्यांची पुढची खुली स्पर्धा ठरली असेल त्यांनी पत्रक पाठवावं. आमच्या चार मुली खुल्या गटात नावं घालणार आहेत, कुणाचंही रेटिंग अजून पंधराशेच्या वर नाही. पाचवं नाव कदाचित येईल, कदाचित नाही, ती जागा शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवता आली तर बघा. प्रवेश शुल्क आगाऊ भरते. आणि आमच्याकडची शेवटची एसटी अजूनही साडेसातचीच आहे.

आपली,
एक गणिताची शिक्षिका आणि पंच